वाढलेलं पोट, सुकलेले हात

जव्हारच्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीच्या खाटेवर मी उताणी पडले होते. डॉक्टरबाई पडद्याकडे बघत होत्या आणि काही बोलत नव्हत्या. थोरल्या बहिणीच्या सोनोग्राफीला मीच सोबत होते. तेव्हाही डॉक्टर असेच गप्प झाले होते.

शेवटी बाईंनी विचारलं, "मावशी, पाळी कधी बंद झाली?"

वाटलं, झालं. आता सांगणार.

मी खोडाळ्याजवळच्या पाड्यावर राहते. भात आणि नागली पिकवतो. मालक वसईकडे बांधकामावर असतात, घरी मी आणि जाऊ विमल. माझी पन्नाशी जवळ आलेली. मागच्या वर्षी पाळी थांबली, कटकट गेली म्हणून मला बरंच वाटलं.

मग अंग बदलू लागलं. दंड सुकले, बांगड्या सरकून कोपराकडे जाऊ लागल्या. पोट मात्र पुढे येत चाललं, परकराची नाडी पुरेना. बाजारात ओळखीची एक बाई म्हणाली, "काय गं बाय, या वयात दिवस गेले काय?" सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर दार लावून पोट चाचपत बसले.

कारण बहिणीचं असंच झालं होतं. हातापायाच्या काड्या आणि पोट मोठं. तिच्या अंडाशयात गाठ होती. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

मी कुणाला सांगितलं नाही. पोट उतरेल म्हणून संध्याकाळची भाकरी सोडली. पोट होतं तसंच राहिलं, पायातलं बळ मात्र गेलं. आवणीच्या वेळी भाताची रोपं लावता लावता मी चिखलात बसले ती उठताच येईना. विमलने काखेत हात घालून उठवलं.

"रातची जेवत नाहीस, मला काय दिसत नाही? काय झालंय, सांग."

सांगितलं. तिचा चेहरा उतरला. तरी दुसऱ्या दिवशी मला जीपमध्ये घालून तिने मोखाड्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. म्हणाले, "हाताला काही लागत नाही. पण बहिणीला गाठ होती ना? मग खात्री करूनच घेऊ." मला त्यातलं एकच ऐकू आलं, गाठ.

त्यांनी जव्हारला पाठवलं. तिथे रक्त तपासायला दिलं. सोनोग्राफीसाठी पोटभर पाणी प्यायला लावलं आणि लघवी रोखून बाकावर बसवलं. मी मनातल्या मनात घरातली कामं विमलला वाटून देत होते. बियाणं कुठे ठेवलंय, म्हैस कधी विणार.

आणि आता बाई पाळीचं विचारत होत्या. मी सांगितलं.

"गाठ नाही," त्या म्हणाल्या. "पोटात पाणीही झालेलं नाही. अंडाशय लहान झालेत, या वयात होतातच."

माझा विश्वास बसेना. "मग हे पोट?"

त्यांनी उठवून बसवलं आणि समजावलं. वर्षभर पाळी आली नाही की त्याला मेनोपॉज म्हणतात, म्हणजे पाळी कायमची जाणं. इस्ट्रोजेन नावाचं बाईच्या अंगातलं संप्रेरक कमी होतं. मग मांड्या-कमरेवर साठणारी चरबी पोटात, आतड्यांभोवती साठू लागते. तिला व्हिसरल फॅट म्हणतात. दंड-मांड्यांचं मांस कमी होतं. "आणि तुम्ही उपाशी राहून उरलेलं मांसही घालवलंत, मावशी."

रक्तात साखर थोडी वाढलेली निघाली. प्रीडायबिटीस, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. "जेवण सोडू नका. भात कमी करा, डाळ, अंडी, सुकी मासळी वाढवा. रोज चाला. दीड महिन्याने परत दाखवा."

बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि रडले. सुटले म्हणून रडले, आणि बहिणीसाठीही. बाहेरून आम्हां दोघींचं पोट सारखंच दिसत होतं. म्हणून बायांनो, घरात बसून अंदाज करू नका. आत काय आहे ते डॉक्टरांनाच बघू द्या.

भीती एकदम गेली नाही. पोटात नुसता वायू धरला तरी अजून छातीत धडधडतं. पण मी जेवते. परत दाखवलं तेव्हा साखर थोडी उतरलेली निघाली.

परवा निंदणी करताना विमलचे हात थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाय, माझीपण दोन महिने आली नाही. कमरेत दुखतं. भ्या वाटतं."

मी खुरपं खाली ठेवलं.

"उद्या सकाळी निघू," म्हटलं. "आणि आज रातची जेव."