सर्वांत विनोदी पोशाख

त्या माणसाचा मला पहिल्या भेटीतच राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी पुण्या-मुंबईची माणसं बंगळुरात येऊ लागली होती. मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात सुट्या भागांची ड्रॉइंग काढायचे आणि चामराजपेटेत आईबरोबर राहायचे. आमचं घराणं इथं इतक्या पिढ्या आहे, की कुणी मूळ गाव विचारलं तर आम्ही चामराजपेटच सांगतो. आई कन्नड शाळेत शिकवून निवृत्त झालेली, कडक बाई. मला विज्ञानकथांचं वेड होतं आणि तिला त्या वेडाचा तिटकारा.

जे. पी. नगरात विज्ञानकथाप्रेमींचा एक क्लब होता. तिथं मी पहिल्यांदा गेले तेव्हा क्लबचा अध्यक्ष, पुण्याहून आलेला तिशीतला इंजिनिअर, मी मराठी आहे हे कळल्यावर खूश झाला. मी म्हटलं, "माझं ऑफिस स्वल्प लांब आहे, उशीर होतो." तो मोठ्यानं हसला आणि बाकीच्यांना इंग्रजीत म्हणाला, "ऐका, ही इथली मराठी!" मग मला म्हणाला, "अहो, स्वल्प नाही, थोडं. स्वल्पविराम असतो फक्त." त्यानंतर मी त्याच्याशी इंग्रजीतच बोलायचे. तरी जात राहिले, कारण तसली पुस्तकं दुसरीकडे मिळत नव्हती.

त्या वर्षी क्लबनं दिवसभराचं संमेलन ठरवलं. चर्चा, कथांना पुरस्कार आणि शेवटी वेशभूषा स्पर्धा. पोशाख स्वतःच्या कल्पनेतला असला तरी चालेल असं नियमांत होतं, म्हणून मी भाग घेतला.

माझ्या डोक्यात अंतराळस्थानकावरची एक मेकॅनिक होती. यानाबाहेर लटकून दुरुस्ती करणारी, आमच्यातलीच बाई. तिचा अंतराळपोशाख मी नऊवारीच्या धर्तीवर काढला. काष्टा असल्यामुळे पाय मोकळे आणि कमरेला हत्यारं खोचायला जागा. कारखान्यात काढते तसं मापं टाकून ड्रॉइंग केलं. सिटी मार्केटमागून स्कूटरच्या सीटचं चंदेरी रेक्झिन आणलं. बेकरीतल्या बिस्किटांच्या मोठ्या बरणीचं शिरस्त्राण केलं, ते गळ्याभोवतीच्या कड्यात फिरवून बसायचं. शिवणात मात्र माझी फजिती झाली. रेक्झिनला सुई लागेना, टाके उसवायचे.

आई दारात उभी राहून बघायची. "लग्नाचं बघायचं सोडून हे सोंग कशाला?" म्हणायची. एका रविवारी माझ्या हातातून तिनं ते ओढूनच घेतलं. "एवढे घाण टाके घालून लोकांपुढं जाणार? सरक." आणि तोंडानं बोल लावत अख्खा काष्टा तिनं शिवून दिला. संमेलनालाही आली. म्हणाली, तू काय तमाशा करतेस ते डोळ्यांनी बघते.

हॉल गच्च भरला होता. माझ्याआधी काळे झगे आले, परदेशी सिनेमांत असतात तसले, नाटकवाल्यांकडून भाड्यानं आणलेले. टाळ्या पडत होत्या. मी स्टेजवर पाऊल टाकलं. परीक्षकही अध्यक्षच होता. तो माइकवर इंग्रजीत म्हणाला, "अंतराळात हळदीकुंकू आहे वाटतं!" मराठी लोक आधी हसले, मग त्यांनी बाकीच्यांना अर्थ सांगितला आणि तेही हसले.

बक्षिसं जाहीर झाली. पहिलं एका काळ्या झग्याला. मग अध्यक्ष म्हणाला, "आणि एक खास बक्षीस, आम्ही आत्ताच ठरवलेलं. सर्वांत विनोदी पोशाख!" माझ्या हातात पितळी कप आला. मी बोलू लागले. यात विनोद काय आहे, असं विचारत होते, पण शिरस्त्राणाच्या आत. बाहेर काहीच ऐकू जात नव्हतं, नुसते ओठ हलताना दिसत होते आणि बरणीवर वाफ धरत होती. मी जितकी ओरडत होते तितका हॉल हसत होता. घाईत कडं उलटं फिरवलं, ते अडकलं. आत श्वास कोंडू लागला.

तेवढ्यात आई पायऱ्या चढून वर आली. रेशमी पातळ नेसलेली, चेहरा लालबुंद. तिनं माझे हात बाजूला केले, कडं सरळ फिरवलं आणि बरणी उचलली. हसणं थांबलं.

मी अध्यक्षाला मराठीत म्हटलं, "मी हसवायला आले नव्हते."

"अहो, गंमत होती," तो हळूच म्हणाला. "एवढं काय मनावर घेता?"

"गंमत कुणी केली? मी का तुम्ही?" आईनं विचारलं. तिचा वर्गातला आवाज होता, माइक लागत नव्हता. "माझी मुलगी सरळ स्पर्धेला आली. तुम्हाला आवडलं नाही तर बक्षीस देऊ नका, सरी, ते ठीक. हे काय दिलं?"

"काकू, प्लीज, कार्यक्रम चालू आहे."

"मग चालवा." तिनं माझ्या हातातला कप घेतला आणि त्याच्यापुढे टेबलावर असा आपटला, की त्याच्या ग्लासातलं पाणी सांडलं. आम्ही मधल्या वाटेनं बाहेर पडलो. कुणी उठलं नाही.

रिक्षात मला वाटलं, आता ती मला जवळ घेईल. ती म्हणाली, "असल्या माणसांत जातेस कशाला? अक्कल नाही तुला?" घरापर्यंत आम्ही भांडलो. माझ्या कथांचा कचरा उद्याच बाहेर टाकते म्हणाली. टाकला नाही, पण बोलणं बरेच दिवस बंद होतं.

काही महिन्यांनी एका सकाळी तोच माणूस दारात उभा. त्याच्या कंपनीत परदेशी पाहुणे यायचे होते आणि त्यांना दाखवायला काहीतरी "भारतीय आणि भविष्यातलं" हवं होतं.

"त्यांना तुमचा पोशाख फार आवडेल," तो मला म्हणाला. मग आईकडे वळून, "काकू, त्या दिवशीचं विसरून जा."

आमच्या घरी मीटर बघायला आलेल्या माणसालाही कॉफी विचारतात. आईनं त्याला आत या म्हटलं नाही. उंबऱ्यावर हात आडवा धरून उभी राहिली.

"तो फाडून टाकला," ती म्हणाली.

पोशाख तिच्यामागे, खोलीतल्या खुंटीला लटकत होता. त्याला तो स्पष्ट दिसत होता. त्यानं पोशाखाकडे पाहिलं, मग आईकडे. आई जराही हलली नाही.

"सांगितलं ना, फाडला."

तो निघून गेला. मी आईच्या बाजूला जाऊन उभी राहिले. वळणावर त्यानं एकदा मागं पाहिलं. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.