खड्ड्यावरची फळी

आमचा नगरसेवक बूट काढल्याशिवाय घरात येत नाही आणि 'काहून' म्हटल्याशिवाय बोलायला लागत नाही. विणकरांची आमची वस्ती पाडून तिथं फ्लॅट बांधायचे होते. सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझीच राहिली.

"काहून अडून राहिल्या, आजी?"

"त्या खड्ड्यापायी गा."

हातमागावर बसताना पाय सोडायचा तो खड्डा. नवी नवरी असताना मी पहिल्याच दिवशी त्यात पडले, आणि जन्मभर नवऱ्यामागं लागले, बुजवा म्हणून. काय अक्कल होती माझी! तो गेला, माग विकला. तेव्हापासून खड्ड्यावरची फळी मीच रोज पुसायची.

नगरसेवकानं समजूत घातली नाही. फळी सरकवून पाय आत सोडून बसला, तर पाय आपोआप माग चालवल्यासारखे वरखाली होऊ लागले.

"माह्या बापाचा खड्डा मीच बुजवला, आजी."

आपण काय मागतोय हे त्याला ठाऊक होतं. मी सही केली.

आता तिसऱ्या मजल्यावर नळाला भरपूर पाणी येतं. तरी तो आला की त्याला उंच पलंगावर बसवून मी पाण्याची तक्रार काढते. ती संपली की दुसरी. तेवढा वेळ त्याचे पाय खाली हलत राहतात.