देव आणायला गेलो होतो

देव ट्रकमध्ये जाणार नाहीत, असं शालूकाकूंनी फोनवर लेकाला ठणकावून सांगितलं, आणि त्यामुळे मला हा प्रवास घडला.

त्यांचा लेक संदीप इथे टेक्सासमध्ये, प्लेनो शहरात, आमचा शेजारी. टेक्सासच्या पार उत्तरेला, पॅनहँडल म्हणतात त्या सपाट मुलखातल्या एका छोट्या काउंटीत तो लहानाचा मोठा झाला. वडील तिथे तीस वर्षं डॉक्टर होते. दीड वर्षापूर्वी ते गेले, तेव्हापासून काकू त्या घरात एकट्या. आता घर विकायचं आणि काकूंनी लेकाकडे यायचं असं ठरलं होतं. सामान मूव्हर्स आणणार होते. देवघरातले देव मात्र कोणीतरी आंघोळ करून, हाताने उचलून, गाडीतून आणावेत ही काकूंची अट. संदीपचा प्रोजेक्ट नेमका तेव्हाच लाइव्ह जाणार होता. तो म्हणाला, "दादा, तुम्ही रोज पूजा करता यार. आई तुमच्यावर ट्रस्ट करेल."

मी लगेच हो म्हटलं. नऊ वर्षं इथे राहून मी हायवे, ऑफिस आणि मॉल यांपलीकडचं टेक्सास पाहिलंच नव्हतं. २००८च्या जानेवारीतला, सोमवारच्या सुट्टीचा लांब वीकेंड होता. माधवीने, म्हणजे माझ्या बायकोने, देवांसाठी एक लाकडी पेटी रिकामी करून आत नवी शाल अंथरली आणि काकूंसाठी तिळगुळाचा डबा दिला. पेटी मी मागच्या सीटवर ठेवली आणि तिला सीटबेल्ट लावला.

शनिवारी पहाटे निघालो. डेंटनवरून २८७ नंबरचा रस्ता धरला की अमॅरिलोपर्यंत फारसं वळायचं काम नाही. रस्ता उत्तम आहे. पण वाटेत गावं आली की वेगमर्यादा एकदम खाली येते, तिथे पोलीस उभे असतात, तेव्हा जपून. गॅस, म्हणजे पेट्रोल, गॅलनला तीन डॉलरच्या आसपास होता. विचिटा फॉल्सला टाकी भरून घ्यावी, पुढे पंप लांब लांब आहेत. चिल्ड्रेसनंतर झाडं कमी होत गेली आणि आभाळ वाढत गेलं. मी जत तालुक्यातल्या माळावर वाढलेला माणूस. शाळेत जाताना चार मैलांवरची एसटी धुरळ्यावरून ओळखायचो. इथे तसाच माळ, फक्त त्याला शेवटच नाही. क्षितिजावर देवळाच्या शिखरासारखं काही दिसायचं. अर्ध्या तासाने जवळ गेलं की ते धान्य साठवायचं उंच कोठार निघायचं. गाडीत एकटाच असूनही मी दर वेळी "आलं, आलं" म्हणत होतो.

अमॅरिलोच्या पुढे तासाभरात गुरांचे प्रचंड गोठे सुरू झाले, आणि वाससुद्धा. या भागाचं पोट मांसाच्या कारखान्यावर चालतं. मी शाकाहारी, गाईला नमस्कार करणाऱ्या घरातला. काचा वर केल्या आणि मनात रामरक्षा म्हणत पुढे गेलो. हे लपवण्यात अर्थ नाही. तुम्ही गेलात तर तुम्हालाही तिथे जरा जड जाईल.

पण गाव लागलं आणि मी गाडी हळू केली. मेन स्ट्रीटवर जुन्या पाट्या पुसट झाल्या होत्या आणि त्यांच्याशेजारी नव्या, झगझगीत. घोड्यांची खोगिरं विकणाऱ्या दुकानाला लागून मेक्सिकन बेकरी, तिच्यापुढे व्हिएतनामी किराणा. जुन्या लाँड्रीच्या दारात चपला नीट ओळीने मांडलेल्या होत्या. आत सोमाली लोक नमाज पढत होते. चपला दाराशी काढलेल्या पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

कोपऱ्यावरच्या कॅफेत जेवलो. शाकाहारींसाठी सूचना: नुसती बीन्स मागवलीत तरी त्यांत चरबी आहे का, हे विचारा. मी विचारलं तेव्हा वाढणारीने आत जाऊन खात्री केली आणि वेगळी उकडलेली आणून दिली. टॉर्टिया, बीन्स, भात आणि हिरव्या मिरचीची चटणी, टिप धरून सात डॉलर. शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे शेतकरी होते. एक कुरकुरला, हल्ली दुकानात इंग्रजी ऐकूच येत नाही. दुसरा कॉफी ढवळत म्हणाला, "तुझी आजी मरेपर्यंत जर्मनमध्येच शिव्या देत होती. तुझ्या नावाने." पहिला हसला, पण कुरकुर काही थांबली नाही.

काकूंचं घर सापडलं. सत्तरी उलटलेल्या, साडीवर पुरुषी कोट, पायात बूट. दारात आलेल्या कुरिअरवाल्याशी त्या भराभर स्पॅनिशमध्ये बोलल्या आणि मला म्हणाल्या, "ये भास्कर, पोहे करते." काकांच्या दवाखान्यात पेशंटांची नावं लिहून घेता घेता त्या स्पॅनिश शिकल्या होत्या. घरभर खोकी होती. फक्त देवघर तेवढं जागच्या जागी. मी पेटी दाखवली. शालीवरून हात फिरवून त्या एवढंच म्हणाल्या, "बरं केलंस. आणलीस."

संध्याकाळी खोकी बांधताना एक लांबट वही निघाली. दर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांची नावं, १९७६पासून. पहिल्या पानावर चारच, सगळ्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या बायका. पुढे दोन व्हिएतनामी. मग रोसा, मारिसोल, ग्वादालूपे, आणि पुढची पानं भरतच गेलेली. काउंटीत कोण कधी आलं, हे सगळं काकूंच्या अक्षरात होतं. शेवटचं पान २००६चं. त्याच वर्षी काका गेले.

पहिल्या पानाच्या तळाशी, वेगळ्या शाईत, पाचवं नाव होतं: डॉरिस. मी विचारलं तेव्हा काकू हसल्या. डॉरिस शेजारीण. तिचा नवरा ट्रॅक्टरखाली गेला होता, म्हणून त्या वर्षी काकूंनी तिला बोलावलं नाही. सवाष्णींचाच कार्यक्रम, दुसरं काही डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉरिस हातात ॲपल पाय घेऊन दारात उभी. सगळ्यांच्या कपाळावर लाल टिकली दिसते, माझं काय चुकलं, असं विचारायला.

"लाज वाटली रे. तिथेच उंबऱ्यात तिला कुंकू लावलं. तेव्हापासून कोणालाच विचारलं नाही, नवरा आहे की नाही."

"मग गेल्या वर्षी का केलं नाहीत?"

त्यांनी वही मिटली. "तिला लावताना कधी हात अडखळला नाही. स्वतःची वेळ आली आणि उचललाच नाही."

माझी आई वडिलांच्या माघारी हळदीकुंकवाच्या दिवशी स्वयंपाकघरात बसून बशा भरायची आणि बाहेर पाठवायची. मी त्या बशा नेल्या आहेत. तिला कोणी बाहेर बोलावलं नाही. मीही नाही.

रविवारी दुपारी आंघोळ करून मी पेटी देवघरासमोर उघडली, तेवढ्यात बेल वाजली. दारात पंचाऐंशीची, काठी टेकत, डॉरिस. तिच्या मागे पायऱ्यांवर, अंगणात, थेट रस्त्यापर्यंत बायका. संक्रांतीनंतरचा रविवार तिच्या कॅलेंडरवर तीस वर्षं लिहिलेला असायचा. या वेळी तिने फोन करून सगळ्यांना बोलावलं होतं. प्रत्येकीच्या हातात काहीतरी वाण: मिरचीच्या चटणीच्या बाटल्या, पिवळी लिंबं, रव्याचा केक. रोसाने कारखान्यातली नवी मैत्रीण आणली होती, हलीमा, डोक्यावरून ओढणी घेतलेली.

काकू दारात थिजल्या. मला मराठीत म्हणाल्या, "यांना सांग, मी आता नाही करू शकत."

डॉरिसने माझ्याकडे पाहिलं. काय म्हणाली ती?

काहीतरी गोड थाप मारता आली असती. सामान बांधलंय, दमल्यात. मी खरं ते सांगितलं: त्या म्हणतात, नवरा गेल्यावर त्यांना हे करता येत नाही.

डॉरिसला क्षणभर कळेना. मग ती काठी टेकत सरळ आत गेली, देवघरापाशी थांबली, बूट काढले आणि कुंकवाचा करंडा उचलला. "तर मग आज मी करते. तू पाहुणी. खाली बस, शालू."

काकू खुर्चीत बसल्या. डॉरिसने चिमूटभर जास्तच लावलं, त्यामुळे कुंकू भुवईपर्यंत ओघळलं. काकूंनी ते पुसलं नाही. डोळे मिटून त्या बसून राहिल्या.

मग मात्र जो गोंधळ सुरू झाला. माधवीचा तिळगूळ पहिल्या वीस जणींत संपला, म्हणून उरलेल्यांना वाणात आलेली मेक्सिकन तिळाची वडी वाटली. चवीला अगदी आपली. हलीमाला कुंकू नको होतं. तिने हात पुढे केला, काकूंनी मनगटावर अत्तर लावलं. मी एकटा पुरुष, स्वयंपाकघरात बशा भरत होतो, आणि प्रत्येक बशी स्वतः बाहेर नेत होतो. रोसा म्हणाली, डॉक्टरसुद्धा दरवर्षी हेच काम करायचे, पण ते खायचे जास्त.

सगळ्या गेल्यावर काकू देवघरापुढे बराच वेळ बसल्या. मग मला म्हणाल्या, "भास्कर, संदीपला मी समजावते. देव कुठे जायचे नाहीत."

सोमवारी परत निघालो. पेटी मागच्या सीटवर, शालीत गुंडाळलेल्या चटणीच्या आठ बाटल्या. सीटबेल्ट तसाच. संदीप आधी चिडला, यार दादा, म्हणाला, एकच काम दिलं होतं. मग त्याने एक बाटली उघडली, वास घेतला आणि बोट बुडवून चाखली. उन्हाळ्यात तोच तिकडे महिनाभर जायचं म्हणतोय.

निघताना काकूंनी मला वहीचं नवं पान दाखवलं होतं. अक्षर डॉरिसचं, मोठं आणि वाकडंतिकडं. यजमानीण स्वतःचं नाव लिहीत नाही, म्हणून इतक्या वर्षांत एक नाव त्या वहीत कधी आलंच नव्हतं. या वर्षी पाहुण्यांच्या यादीत ते सगळ्यांत वर होतं: शालू.

पुढच्या शनिवारी आमच्याकडे हळदीकुंकू आहे. माधवी यादी करत होती. समोरच्या घरी सूनबाईच्या बाळंतपणासाठी नागपूरहून एक मावशी आल्या आहेत, त्यांचे यजमान नाहीत. मी म्हटलं, त्यांचंही नाव लिही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं. मग मी गावी फोन लावला. तिथे सकाळ होती, आई नुकतीच उठली होती.