फळी बाजूला झाली

लुबोर स्कोपालला त्याच्या नावाने हाक मारणारी माणसं गावात मोजकीच. आई, बायको आणि बँकेतला कारकून. बाकी सगळ्या गावाला तो फळी. फळी, गुडघा कसा आहे? फळी, शनिवारी खेळणार ना? आईस हॉकीत समोरून फटका आला की हा गडी बर्फावर आडवा पडायचा, म्हणून फळी. पक म्हणजे टणक रबराची चकती, ती बरगडीत बसो की घोट्यावर, मागच्या गोलपर्यंत काही पोचायची नाही. पुढचे दात असेच गेले. डॉक्टरने नवे करून दिले, ते तो लग्नाला आणि मयताला तेवढे लावायचा.

ही खोड तळ्यावरची. थंडीत गावामागचं तळं गोठलं की सगळी पोरं तिकडे पळत. दोन बूट ठेवले की झाला गोल. लुबोरला धड पळता येत नव्हतं, म्हणून मोठी पोरं त्याला मागे उभा करायची. "तू काही करू नकोस, नुसता आडवा पड." तो पडला, आणि पुढे पडतच राहिला. वडील काचकारखान्यात भट्टीवर होते. ते म्हणायचे, "गोल मारणाऱ्याचा फोटो पेपरात येतो, आमच्या चिरंजिवांचा एक्स-रे येतो."

मध्ये एकदा मोठ्या शहरातल्या क्लबने त्याला नेला होता. अर्ध्या हंगामातच स्वारी परत. का आलास विचारलं तर म्हणाला, "तिथे आडवं पडायलासुद्धा रांग आहे." देशाच्या संघात त्याला कुणी घेतलं नाही, आणि घेतील असं त्यालाही कधी वाटलं नाही. गोल इतके कमी की त्याने एखादा मारला की झ्देना, त्याची बायको, केक भाजायची. वर्षाकाठी एखादा केक व्हायचा, कधी तोही नाही.

शेवटच्या हंगामात गुडघ्याने हात टेकले. नाताळातच लुबोरने ट्रेनर शेबेस्टांना सांगून टाकलं, हे आपलं शेवटचं वर्ष. त्यात संघ रडतखडत तळाला गेलेला. खालच्या लीगमधल्या विजेत्याशी काही सामन्यांची झुंज लागली आणि ती अखेरच्या सामन्यापर्यंत ताणली गेली. तो सामना आमच्या रिंकवर, घरच्याच बर्फावर. जिंकलो तर वरच्या लीगमध्ये राहायचं, हरलो तर खाली.

सामन्याच्या आदल्या दिवशी सराव संपला. सगळे निघून गेल्यावर ओल्द्रा त्याच्याजवळ येऊन बसला. ओल्द्रा वीहनालेक हा संघाचा नवा गोलकीपर. वय बावीस, मिशीही नीट फुटलेली नाही, पण हात विजेसारखा चालायचा.

"लुबोर, एक बोलू? चिडणार नाहीस ना?"

"ते ऐकल्यावर ठरवतो."

"लांबून फटका आला तर तू पडू नकोस. बाजूला हो."

लुबोर बुटाची नाडी सोडायची थांबला. "काय म्हणालास?"

"मला पक दिसतच नाही रे! दिसतो तो तुझा कुल्ला. परवाचे दोन्ही गोल तुझ्याआडून आले. मला दिसला तर मी धरतो."

लुबोरला असा राग आला की काय सांगू. काल आलेलं पोरगं, आणि आपल्याला शिकवतंय! पण मठ्ठ नव्हता तो. ते दोन्ही गोल त्याने टीव्हीवर पुन्हापुन्हा पाहिले होते, आणि पोराचं म्हणणं खरं होतं. शेवटी त्याने हात पुढे केला. "बरं. लांबचा तुझा, जवळचा माझा. झालं समाधान?"

सामन्यात शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही एका गोलने पुढे होतो. स्टँडमध्ये लोक उभे राहून गात होते. एवढ्यात त्यांच्या एकाने निळ्या रेषेवरून, चांगला लांबून, सणसणीत फटका हाणला. लुबोरचे गुडघे आपोआप वाकले. सगळं अंग आडवं व्हायला निघालं होतं. त्याने ते कसंबसं आवरलं आणि बाजूला झाला. ओल्द्राला पक स्वच्छ दिसला. त्याने हातही बरोबर नेला. पक हातमोज्याच्या कडेला लागला आणि आत गेला. बरोबरी झाली, आणि जादा वेळेत आम्ही हरलो.

दोघांमधलं बोलणं दोघांना आणि झ्देनाला तेवढं ठाऊक. गावाने पाहिलं ते एवढंच, की आयुष्यभर आडवा पडणारा फळी ऐन वेळेला बाजूला झाला. भ्याला, असं लोक सरळ तोंडावर म्हणू लागले. खाटकाच्या दुकानात रांगेत उभा होता, तर मागून एक म्हातारा म्हणाला, "जरा बाजूला हो की फळी. तुला येतं आता."

झ्देना घरात नुसती धुमसत होती. "सांगून का टाकत नाहीस? त्या पोरानेच सांगितलं होतं ना?"

"आणि मग? दिसत असून धरला नाही, हे त्याच्या कपाळी कायमचं बसेल. त्याला बाहेरच्या एका मोठ्या क्लबकडून बोलावणं येतंय. माझं काय, मी तर चाललोच आहे."

"आणि तुझं नाव?"

लुबोर जाकीट चढवून बाहेर पडला. ओल्द्राला त्याने दम भरला, तोंड उघडलंस तर तंगडं मोडीन. पण रात्री कूस बदलताना जीव तळमळायचा. दुसरं कमावलं काय होतं त्याने? तेवढंच एक नाव होतं.

हंगाम संपला की आमच्याकडे निरोपाचा कार्यक्रम असतो. खेळाडू एकेक करून बर्फावर येतात, लोक टाळ्या वाजवतात, मग बाहेर बिअर आणि भाजलेले सॉसेज. संघ खाली गेला तरी कार्यक्रम चुकत नाही. लुबोरचं नाव पुकारलं आणि शिट्ट्या सुरू झाल्या. आमच्याकडे शिट्टी म्हणजे शिवीच. झ्देना वर स्टँडमध्ये बसली होती, पण मान खाली घालून. ज्या बर्फावर दात सांडले, तिथे तो घरच्या माणसांच्या शिट्ट्या ऐकत उभा राहिला. निरोपाचे दोन शब्द पाठ केले होते, ते विसरला.

तेवढ्यात ओल्द्राने निवेदकाच्या हातातला माईक ओढून घेतला.

"मी सांगितलं होतं त्याला बाजूला व्हायला! मी! मला दिसला होता पक. मला धरता आला नाही. त्याला कशाला शिट्ट्या वाजवता?"

लुबोरवरच्या शिट्ट्या थांबल्या. मग एकाने शिट्टी घातली, मग दुसऱ्याने, आणि बघताबघता सगळा स्टँड ओल्द्रावर उलटला. पोरगं लालबुंद होऊन तसंच उभं राहिलं.

आठवडाभराने एका रात्री घरी जेवायला शेपूच्या सॉसमधली अंडी आणि बटाटे होते. लुबोरने निम्मं ताट तसंच ठेवलं.

"त्या दिवशी बरं वाटलं ना?" झ्देनाने विचारलं. "कळलं एकदाचं सगळ्यांना."

"वाटलं," तो म्हणाला. "तेच तर. त्याच्यावर शिट्ट्या पडत होत्या, झ्देना, आणि मला बरं वाटत होतं. हलकं वाटत होतं. मी हसलोसुद्धा असेन."

त्याने काट्याने एक बटाटा ताटाच्या कडेला सरकवला.

"परवा त्या मोठ्या क्लबने त्याला नको म्हणून कळवलं. शिट्ट्यांमुळे की कशामुळे, कोण जाणे. आता इथेच खेळणार, खालच्या लीगमध्ये, याच लोकांसमोर."

"मग?"

"शेबेस्टांना आत्ताच फोन केला. अजून एक वर्ष खेळतो म्हटलं. शिट्ट्या पडल्या तर दोघांवर पडतील."

"त्या गुडघ्यावर? डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय," लुबोर म्हणाला, आणि ताट पुढे ओढून जेवू लागला.