हुतूतूवाल्या महादूचा मान

महादू गेल्याचं मला नेरळच्या बाजारात कळलं. सांगणारा बातमी सांगून लगेच वांग्यांचा भाव विचारायला लागला, तेव्हा मी त्याच्यावर उगीचच खेकसलो. महिना होऊन गेला, पण तो राग अजून उतरलेला नाही… कोणावर आहे तेही नीट कळत नाही.

आमच्या कर्जत-खालापूर भागात बिदागी घेऊन हुतूतू खेळणारे जे पहिले गडी निघाले, त्यांतला कशेळ्याकडचा महादू एक. आज या गावाच्या संघातून, उद्या त्या. मी पंच असायचो. पंचाने कोणाची बाजू घेऊ नये, पण चढाईत महादूचा दम लांबत गेला की माझाही श्वास अडकायचा. पैसे घेतो म्हणून शहाणी माणसं त्याला भाडोत्री म्हणत. ते त्याला फार लागायचं. "फुकट खेळलो तर चूल फुकट पेटंल काय रं, गोपाळ?" एवढंच मला म्हणायचा.

महायुद्ध संपल्यावरच्या उन्हाळ्यात आमच्या व्यायामशाळेने ठरवलं की जुन्या गड्यांचे फोटो भिंतीवर लावायचे, आणि कोणाचे ते बघ्यांनीच ठरवायचं. जत्रेच्या मैदानात प्रत्येक गड्याच्या नावाचं एक मडकं ठेवलं आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका दिला. मडकी पालथी केली तेव्हा महादूचा ढीग सगळ्यांत मोठा निघाला. मला इतका आनंद झाला की पुढचं काही सुचलंच नाही. निवडून आलेले बाकीचे गडी कधीच वारलेले होते, जिवंत होता तो हा एकटा. आणि भिंतीवरच्या फोटोला हार घालतात, हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही.

संघाच्या जुन्या फोटोतून महादूला वेगळा काढून मोठा करून घेतला होता. खांद्यावर शेजाऱ्याचं कोपर तसंच राहिलं होतं. समारंभाला महादू आला तेव्हा चार पावलं चालूनही त्याला धाप लागत होती. डॉक्टरांनी आशा सोडलेली, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. अध्यक्ष हार घेऊन उठले, तोच महादूची बायको सगुणावहिनी पुढे झाली आणि तिने फोटो उचलून छातीशी धरला.

"जित्या मानसाला हार घालून भितीवर टांगता? तुमाला घाई कसली झालीया?"

"अहो बाई, हा मान आहे," अध्यक्ष म्हणाले.

"मान हाय तर मानसाला द्या. कागदाला कशाला?"

महादू बाकावरून नुसता भिंतीकडे बघत होता. त्याचे ओठ सुकले होते. शेवटी तो हळूच म्हणाला, "सगुणे, लावू दे गं. मी गेल्यावर मला दिसनार हाय का?"

तिचे डोळे भरले, पण हात ढिले झाले नाहीत. कोणाचं म्हणणं खोटं होतं? दोघांचंही नव्हतं. अध्यक्ष हार धरून खांबासारखे उभे. माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या हातातून हार ओढून घेतला आणि सरळ महादूच्या गळ्यात घातला. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पत्रे वाजले. महादू दोन्ही हातांनी हार चाचपत राहिला. सगुणावहिनीने फोटो त्याच्यापुढे धरला आणि त्याने तो पोटभर बघून घेतला. मग ती फोटो पदराखाली घेऊन घरी गेली.

आज आमच्या भिंतीवर हार नसलेला एकच फोटो आहे. महादूचं तेरावं झाल्यावर सगुणावहिनी तो स्वतः घेऊन आली. मी स्टुलावर चढून फोटो टांगला आणि शेजारच्या पोराला हार आणायला सांगितलं, तर तिने त्याला दारातच थांबवलं.

"नको, भावजी," ती म्हणाली, "त्यांचा हार ते घालून गेलं."