कानाखाली मॅगझिन

आमच्या ऑफिसात ड्रॉवरमध्ये स्क्रू साठतात आणि डोक्यात किस्से. स्क्रू कधीमधी कामाला तरी येतात.

बेंगळुरूत सर्जापूर रोडवर एका सलूनच्या वरच्या मजल्यावर आम्ही रायफल बनवतो. परवाने आहेत, घाबरू नका. खऱ्या गोळ्या ऑफिसात येत नाहीत, नुसत्या पितळी डमी. आमची रायफल बुलपप जातीची. म्हणजे गोळ्यांचं मॅगझिन ट्रिगरच्या पुढे नसतं, मागे असतं, थेट तुमच्या कानाखाली. नळी तेवढीच लांब, रायफल मात्र आखूड. डिझाइन नागपूरच्या अभय देशमुखचं. सल्लागार कर्नल शिंदे यांनी ते पास केलं नाही, तर प्रोजेक्ट बंद आणि अभय पुन्हा वॉटर प्युरिफायरची झाकणं डिझाइन करायला मोकळा. मी पुण्याची, मॅन्युअल लिहिते. म्हणजे सगळ्यांच्या चुका सभ्य भाषेत मांडते.

*

कर्नलसाहेबांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचंच. त्यांनी रायफल पहिल्यांदा हातात घेतली आणि मॅगझिन बदलायला हात सवयीने ट्रिगरच्या पुढे नेला. तिथे काहीच नाही. हात आपला हवेत चाचपडतोय.

"सवय होईल, सर," अभय म्हणाला.

"मला होईल रे. शत्रू तोवर स्वल्प थांबेल का, ते विचारून ठेव."

*

ट्रिगर पुढे, यंत्रणा मागे, दोघांत एक लांबलचक सळई. त्यामुळे ट्रिगर जरा गुळमुळीत. अभयने मोठ्या आशेने विचारलं, "सर, ट्रिगर कसा वाटला?"

"सरकारी ऑफिसातल्या अर्जासारखा. आपण इकडून द्यायचा, तिकडे विचार होईल."

अभय त्या दिवशी जेवला नाही. मी त्याचा डबा संपवला.

*

आमचा सीईओ रोहन स्टार्टअपवाल्यांच्या कोरमंगलाहून येतो आणि येताना नवीन इंग्रजी शब्द आणतो. रिकामं काडतूस उजवीकडून उडतं, मग डावखुऱ्यांचं काय, असं मी मीटिंगमध्ये विचारलं. "डावखुरे असतात किती? इग्नोर," रोहन उत्तरला.

दुसऱ्या दिवशी वेबसाइटसाठी त्याचे फोटो काढायचे होते. रोहन स्वतः डावखुरा. रायफल डाव्या खांद्याला लावली, कॅमेऱ्याकडे बघत ऐटीत बोल्टचा दांडा खेचला, आणि पितळी डमी सटकन गालावर.

संध्याकाळी मेल आला. डावखुरा युजर आता आमची टॉप प्रायॉरिटी आहे.

*

याच रोहनने एकदा मेंटेनन्स शिकायचं मनावर घेतलं. तेल एवढं ओतलं की टेबलाखाली ठेवलेली त्याची लॅपटॉप बॅगसुद्धा गंजापासून कायमची वाचली.

कर्नलसाहेब वाकून बघत म्हणाले, "तेल दोन थेंब पुरतं. की भजी तळायचीत?"

*

आणि मग आयुधपूजा. बेंगळुरूत त्या दिवशी लॅपटॉपपासून लिफ्टपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. आमच्या अ‍ॅडमिनच्या लक्ष्मी अक्का म्हणाल्या, "आयुध बनवायचं ऑफिस, आणि आयुधालाच कुंकू नाही?" काडतूस उडायची जी खिडकी असते, तेच रायफलचं तोंड समजून त्यांनी तिथे सढळ हाताने हळदकुंकू-अक्षतांचा नैवेद्य भरवला. अभय फडकं घेऊन धावला.

"पूजेतली वस्तू आज हलवायची नाही," अक्का कडाडल्या. अक्कांपुढे रोहनचं चालत नाही, तिथे अभयचं काय चालणार?

सुट्टी संपली आणि सकाळी ऑफिस उघडतंय तोच कर्नलसाहेब दारात. शेवटची चाचणी आजच घ्यायची म्हणाले. अभयने माझ्याकडे असं पाहिलं की मला गलबलून आलं. चेष्टा वेगळी, पण त्या पोराने या रायफलपायी लग्नसुद्धा पुढे ढकललं होतं.

साहेबांनी डमी भरल्या. बोल्ट ओढला, ट्रिगर दाबला. टक. पुन्हा ओढला, दाबला. टक. मॅगझिन रिकामं होईपर्यंत हेच. एकदाही अडकली नाही.

मग म्हणाले, "उघड."

अभयने रायफल खोलली. टेबलावर कुंकू सांडलं. मग हळद, मग अक्षता, शेवटी झेंडूची एक अख्खी पाकळी. अभय डोळे मिटून उभा.

साहेबांनी ती पाकळी उचलून बाजूला ठेवली. मग आपल्या बॅगेतून एक जड पिशवी काढून टेबलावर ठेवली.

"हे काय, सर?" मी विचारलं.

"वाळू. धुळीची टेस्ट घ्यायला आणली होती."

पिशवी त्यांनी तशीच परत बॅगेत घातली, सही केली आणि आत वळून हाक मारली, "अक्का, प्रसाद उरलाय का?"