नाफियाबाईंची तिसरी कॉफी

नाफिया,

तुझ्यावर लिहितेय. लगेच नाक मुरडू नकोस. "माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं?" हे तुझं पालुपद मला पाठ आहे, आणि त्यावर तुझा स्वतःचाही विश्वास नाही. परवा पेपरात त्या परिषदेचा गौरव छापून आला. फोटो, भाषणं, सगळं. आणि तुझं नाव 'स्थानिक सहकार्य' या दोन शब्दांत गुंडाळून टाकलेलं. माझं डोकंच फिरलं. तेव्हा झालं तसं सांगून टाकते. तुला 'ती' म्हणणार आहे, कारण 'तू तू' करत सांगायला लागले की आपलं भांडण होतं. चुकलं तर फोन कर. तसा तो तू करतेसच, कल्हईवरून.

तर ही नाफिया बेहराम. बुटकी, आवाजानं मोठी, मनगटावर बापाचं घड्याळ. गाव वरचा लुग, बोस्नियातल्या मोस्तारहून बसनं गेलं की डोंगराच्या पोटाशी लागतं ते. आधी शाळेत इतिहास शिकवला, मग युद्ध झालं, मग विद्यापीठात इतिहास शिकवला. "अभ्यासक्रम आपोआप वाढला," असं ती म्हणायची, आणि म्हणताना हसायची नाही.

दर जूनमध्ये तिच्या विभागात 'युद्ध, सुरक्षा आणि संघर्षनिवारण' या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरायची. गळ्यात पट्ट्या अडकवलेले विद्वान यायचे, निबंध वाचायचे, संध्याकाळी मोस्तारचा जुना पूल बघायचे, पुलावरून उड्या मारणाऱ्यांचे फोटो काढायचे आणि जायचे. त्यांच्या खोल्या, त्यांची पथ्यं, त्यांचे हरवलेले चष्मे, सगळं नाफियाच्या गळ्यात. कार्यक्रमपत्रिकाही तिच्याकडेच. पत्रिकेत कॉफीची सुट्टी तीनदा छापावी लागते: काहवा, कावा, काफा. भांडं एकच, पण इथले समाज तीन, आणि नावं ज्याची त्याची. एका वर्षी छापखान्यात 'कावा' गळाला, तर नदीपलीकडचे सगळे प्राध्यापक दिवसभर नुसतं पाणी पीत बसले. आग्रह केला तर म्हणाले, "आमचा उल्लेख नाही." शेवटी नाफियानं पेन घेऊन एकेकाच्या पत्रिकेवर हातानं 'कावा' लिहिलं. मग सगळे उठले आणि दोन दोन कप प्यायले.

अशी परिषद ती वर्षानुवर्षं ओढत होती. पण त्या जूनमध्ये तिला त्या परिषदेकडून पहिल्यांदाच काहीतरी हवं होतं.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात वरच्या लुगमागचा डोंगर पेटला होता. लुग दोन आहेत. वर आमचे, खाली त्यांचे, युद्धात समोरासमोर उभे राहिलेले. मध्ये रस्त्यावर एक पाटी. युद्धानंतर बंबही दोन झाले. वरच्या लुगचा बंब म्हातारा, त्याचं पाणी अर्ध्या चढावर संपलं. खालच्या लुगचा बंब नवा कोरा, तो पाटीजवळच्या पेट्रोल पंपावर येऊन उभा राहिला. इंजिन चालू, माणसं आत, शिरस्त्राणं मांडीवर. पाटी ओलांडली नाही. नाफियाचा भाऊ अव्दो, त्याच्या मधाच्या पेट्या डोळ्यांदेखत जळाल्या. त्या दिवसापासून अव्दोच्या घरात मधाचं नाव निघत नसे. आणि डोंगरावर आता उरला होता तो फक्त घरांच्या अंगाला भिडलेला पाइनचा पट्टा. पुढची आग लागली तर पेट्या नव्हे, घरं जाणार, हे वरच्या लुगमध्ये प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणी बोलत मात्र नव्हतं.

नाफियानं दोन्ही बंबांच्या प्रमुखांना परिषदेला बोलावलं. डीनसाहेब धावत आले.

"नाफियाबाई, अहो बंबवाले? आपला विषय सुरक्षा आहे."

"मग? आमच्या गावात सुरक्षा लाल रंगाची असते आणि तिला चाकं असतात."

"त्यांनी निबंध पाठवलेत का?"

"ते निबंध लिहीत बसले तर आग कोण विझवणार? तशी आत्ताही कोणी विझवत नाही म्हणा."

डीनसाहेबांनी जेवणानंतरची वेळ दिली, ज्या वेळी विद्वानांना झोप येते. हॉटेलातली छोटी खोली, लांब टेबल. अध्यक्षस्थानी टर्प्स्ट्रा नावाचे हॉलंडचे प्राध्यापक, शेजारी आणखी काही पाहुणे, दुभाष्याचं ऐकायला कानांना यंत्रं लावून बसलेले. एका टोकाला वरच्या लुगचा हलील श्पागो, पोट आणि मिशी दोन्ही सुटलेली. दुसऱ्या टोकाला खालच्या लुगचा झ्वोन्को रागुझ, उंच, हाडकुळा. हा शाळेत नाफियाच्या हाताखालून गेलेला, त्यामुळे आल्या आल्या नकळत उभा राहिला आणि मग आपण उभे राहिलो याचाच राग येऊन खाली बसला.

हॉटेलातल्या यंत्राच्या पाण्याला कॉफी म्हणायला नाफिया तयार नव्हती. तिनं घरून आपली तांब्याची, लांब दांड्याची, कॉफी उकळायची जेझ्वा आणली होती. पहिली कॉफी झाली, येणाऱ्याच्या स्वागताची. दोघांनी ती आपापल्या टोकाला संपवली. दुसरी झाली, ती गप्पांची. गप्पा सुरू झाल्या.

"तुम्ही बघत उभे होतात," श्पागोनं तोंड उघडलं ते असं. "तिकीट काढून तमाशाला आल्यासारखे."

"तू फोन केलास?"

"धूर आभाळाला भिडला होता. त्याहून मोठ्यानं काय बोंबलायचं?"

"न बोलावता पाटी ओलांडली असती तर तुमच्याच लोकांनी काचा फोडल्या असत्या. वर म्हणाला असतात, बघा, आले गाव घ्यायला!"

"आणि मी फोन केला असता तर तुमचा सरपंच जन्मभर सांगत सुटला असता, की श्पागोनं आमचे पाय धरले."

"धरायचे होतेस! मधमाश्या तरी वाचल्या असत्या."

यापुढे त्यांनी एकमेकांच्या आयांची चौकशी केली. दुभाष्या सज्जन होता, त्यानं तेवढा भाग गाळला. त्यामुळे पाहुण्यांच्या कानात सगळं फारच सौजन्यानं चाललं होतं. टर्प्स्ट्रा खूश झाले. उठून फळ्यापाशी गेले आणि त्यांनी विश्वासाचा एक त्रिकोण काढला. तिसऱ्या कोपऱ्यात काय लिहायचं यावर पाहुण्यांत चर्चा सुरू झाली.

श्पागोनं टोपी उचलली. रागुझनं किल्ल्या.

नाफिया दाराशी उभी होती. तिला दिसलं ते एवढंच: या खोलीत जोवर परकं माणूस आहे, तोवर हे दोघं एक इंच मागे येणार नाहीत. पाहुण्यांसमोर आपल्याकडे कोणी मेलं तरी हरत नाही. आणि पाहुणे तर त्रिकोणात रमलेले. त्यांना उठा म्हणायचं कसं? डीनसाहेब बाहेरच घुटमळत होते.

ती तरातरा चहाच्या खोलीत गेली. जेझ्वा रिकामीच विस्तवावर ठेवली, मग पाणी आठवलं, मग कॉफी. घाई सुचू देत नव्हती. तबक घेऊन परत आली आणि तिनं टर्प्स्ट्रांपुढे, मग एकेका पाहुण्यापुढे कानाशिवायची ती इवली पेली ठेवली. श्पागोला ओलांडून गेली. रागुझला ओलांडून गेली.

आता, आपल्याकडे तिसरी कॉफी म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. तिचं नावच सिक्तेरुशा. म्हणजे 'बसणं झालं, चालते व्हा.' यजमान तोंडानं बोलत नाही, कॉफी बोलते. ती समोर आली की भला माणूस घोटभर घेतो, गुडघ्यांवर हात मारतो आणि उठतो. प्रत्यक्षात ती हल्ली कोणी आणत नाही, कारण असा अपमान करायची कोणाची छाती होत नाही.

श्पागोनं तबकाकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग त्याचा विश्वास बसेना म्हणून त्यानं रागुझकडे पाहिलं, तर रागुझही त्याच्याकडेच बघत होता.

"बाई," रागुझ हळूच म्हणाला, "ही ती आहे?"

"ती नाही तर कोण?"

"सगळ्यांना? एकदम?" श्पागो पुटपुटला. "तो बिचारा हॉलंडहून आलाय."

टर्प्स्ट्रांनी घोट घेतला, डोळे मिटले, छातीवर हात ठेवला. "असं आदरातिथ्य मी जगात कुठे पाहिलं नाही," ते म्हणाले. "अजून एक मिळेल का?"

मग मात्र बांध फुटला. श्पागोनं टोपी तोंडात कोंबली. रागुझनं कपाळ टेबलावर टेकलं आणि त्याचे खांदे गदगदा हलायला लागले. "अजून एक मागतोय," श्पागो घुसमटत म्हणाला, "अरे, त्याला आणखी एक सिक्तेरुशा पाहिजे!" आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, मघाशी ज्याला शिव्या घातल्या त्याच माणसाच्या पाठीवर त्यानं थाड थाड हात मारले. पाहुणेही हसू लागले, का ते न कळता. हसणं चांगलं लक्षण आहे असं टर्प्स्ट्रांनी टिपून घेतलं.

"आणते," नाफिया गोड आवाजात म्हणाली. "खाली अंगणात आणते. तिथून पूल फार सुरेख दिसतो." आणि त्रिकोण, यंत्रं, दुभाष्या, सगळ्यांना तिनं जिन्यावरून खाली नेलं, वर आली आणि दार लावून घेतलं.

दोघं डोळे पुसत होते.

"झालं हसून?" ती म्हणाली. "आता ऐका. त्या बिचाऱ्याला 'जा' म्हटलं तरी तो बसतो. आणि तुम्ही दोघं घोडे, तुम्हाला 'या' म्हटल्याशिवाय तुम्ही आगीलाही येत नाही. सांगा, मूर्ख कोण?"

श्पागोनं टोपी टेबलावर ठेवली. रागुझनं किल्ल्या.

"हलील, तुला फोन करायचा नाही ना? करू नकोस. झ्वोन्को, तुला बोलावणं पाहिजे ना? मग बोलावणं म्हणजे काय ते आत्ता ठरवा."

रागुझ खिडकीतून डोंगराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "धूर."

"म्हणजे?"

"धूर दिसला म्हणजे बोलावणं आलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. फोन नाही, पाय धरणं नाही."

"आणि काचा?" नाफियानं श्पागोला विचारलं.

"पाटीवर मी स्वतः उभा राहीन," श्पागो म्हणाला. "ज्याला काच फोडायची त्यानं आधी माझं पोट फोडावं."

"जागा भरपूर आहे," रागुझ म्हणाला.

"आणि सरपंचांना कधी सांगायचं?"

"विझल्यावर," दोघं एकदम म्हणाले.

नाफियानं त्यांना ते पुन्हा मोठ्यानं म्हणायला लावलं, वर्गात सनावळ्या म्हणायला लावायची तसं. दोन गलेलठ्ठ पगारी समित्यांना जे जमलं नव्हतं ते तेवढ्यात झालं. परिषदेच्या अहवालात यातलं अक्षर नाही. त्रिकोण आहे.

ऑगस्टमध्ये वारा सुटला आणि पाइन पेटला. नाफिया त्या दिवशी गावातच होती, अव्दोच्या अंगणात, बादल्या भरत. वरचा बंब चढावर धापा टाकत होता. अव्दो रस्त्याकडे पाठ करून उभा होता. त्याला पेट्रोल पंप बघायचाच नव्हता. मग भोंगा ऐकू आला. आपला नव्हे, दुसरा. पाटीवर श्पागो दोन्ही हात पसरून उभा होता, एखाद्या लग्नाच्या वरातीला वाट करून द्यावी तसा, आणि त्याच्या समोरून खालच्या लुगचा नवा कोरा बंब, थांबण्याचं नाव न घेता, सरळ वर चढत आला.

खिडकीतून रागुझ अर्धा बाहेर आला होता.

"बाई! कॉफी टाका!"

"कुठली रे?" नाफिया ओरडली.

"पहिली! पहिली!"

घरं वाचली. सगळी. संध्याकाळी दोन्ही लुगचे बंबवाले काजळलेल्या तोंडांनी अव्दोच्या ओट्यावर बसले होते, आणि अव्दोनं आत जाऊन, कुठे लपवून ठेवली होती कोण जाणे, मधाची शेवटची बरणी आणली.

आता कल्हईचं. नाफिया, त्या तिसऱ्या कॉफीच्या घाईत तू जेझ्वा कोरडी तापवलीस आणि आतली कल्हई उडाली. "तू मोस्तारात राहतेस, तांबटआळीत देऊन ये," म्हणून तू ती माझ्या पिशवीत घातलीस. मी गेले होते. एकदा कल्हईवाला जेवायला गेलेला, एकदा नमाजाला, एकदा पावसामुळे बंद. नंतर गेले तर भट्टीच्या जागी त्यानं प्रवाशांसाठी पुलाच्या चित्रांची चुंबकं मांडलेली. "आजी, कल्हई आता कोण करतं?" म्हणाला. तू म्हणतेस स्तोलात्स गावात एक कल्हईवाला आहे. असेल. जेझ्वा माझ्या खिडकीत आहे, पिशवीतून काढलेली, पुसलेली, अजून तशीच, बिनकल्हईची.